नेमलेले पुस्तक : शोध, ताबा आणि जमल्यास वाचन

अभ्यासक्रमाला पुस्तक लागलं आहे म्हणजे ते बाजारात असणारच, असा ज्यांचा समज आहे त्यांनी वेळीच वाणिज्य शाखेकडे वळावं. तिथे मागणी आणि पुरवठा यांचा काहीतरी संबंध असतो. हे मार्गदर्शन मराठी वाङ्मय घेऊन घरबसल्या एम. ए. करू पाहणाऱ्यांसाठी आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी कुकर, रविवारी संपर्क सत्र असा ज्यांचा क्रम आहे, त्यांच्यासाठी. 1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा त्याने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलं. गंगा घरी येते, यात वाद नाही. पुस्तकांपुरतं भगीरथ मात्र ज्याचं त्याने व्हायचं असतं.

सुरुवात अभ्यासक्रमाच्या कागदापासून करावी. हा कागद तीन प्रकारचा असतो : जुना, सुधारित, आणि अभ्यासकेंद्राच्या खिडकीत बसणाऱ्या मॅडमच्या काचेखाली असतो तो. परीक्षा तिसऱ्यावर होते. त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. काचेवर ट्यूबलाइट चमकल्यामुळे मधल्या दोन ओळी दिसणार नाहीत. त्या पुढे प्रश्नपत्रिकेत दिसतील.

त्या कागदावर समजा ‘लीळाचरित्र’ आहे. कोणतं, ते लिहिलेलं नसतं, आणि घाबरण्याचं कारण हेच आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी जमवल्या, त्या ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांना गाठून, विचारून, पडताळून. अभ्याससाहित्यासाठी पायपीट करण्याची मराठीतली परंपरा इतकी जुनी आहे, तेव्हा आपण दोन दुकानं फिरून कुरकुरू नये. पुढे मूळ पोथी गेली, आठवून आठवून पुन्हा लिहिली गेली, पाठ वाढले, आणि पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत घालून ठेवले. थोडक्यात, पुस्तक सहजासहजी विद्यार्थ्याच्या हाती पडू नये याचा बंदोबस्त कित्येक शतकांपूर्वीच झालेला आहे. आजचे प्रकाशक ती परंपरा फक्त पुढे चालवतात. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली प्रत मिळाली तर ती उचलायला दोन हात लागतात. नुसता ‘एकांक’ नेमला असेल तर एक हात पुरे.

तुकोबांच्या बाबतीत निराळी काळजी घ्यावी. कागदावर अभंगांचे फक्त क्रमांक असतात, आणि शासनाच्या गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेतल्या क्रमांकाशी जुळेलच असं नाही. कोणती गाथा धरायची हे संपर्क सत्रात विचारल्यास ‘कुठलीही चालेल’ असं उत्तर मिळतं. अशा वेळी सगळी गाथा वाचणं हा एकच सुरक्षित उपाय. साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. हा उपाय केलेला माणूस पुन्हा परीक्षेकडे फिरकत नाही, असा अनुभव आहे.

आता दुकान. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक, मुंबईत असाल तर दादर, इतरत्र असाल तर बसस्थानकासमोरचं स्टेशनरीचं. काउंटरवर गेल्यावर आवाज शक्य तितका निर्विकार ठेवावा.

“‘रणांगण’ आहे का?”

“कितव्या सेमचं?”

“सेमचं नाही हो. बेडेकरांचं.”

“युनिव्हर्सिटी कुठली?”

इथे वाद घालू नये. तुम्ही कादंबरी मागता आहात हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो, आणि मागे रांग वाढत असते. तो जे हातात ठेवील ते म्हणजे गाईड. विश्राम बेडेकरांची 1939 सालची कादंबरी एका बैठकीत संपते. गाईडला तीन रविवार लागतात. त्यात कथानक आहे, पात्रं आहेत, भाषाशैली आहे, शीर्षकाची समर्पकता आहे, आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. कादंबरी सोडून सगळं आहे. गाईडवरच विसंबणाऱ्यांनी निदान एवढं पक्कं करावं की, ‘लीळाचरित्रा’तले चक्रधर आणि ‘रणांगण’मधला चक्रधर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. एक गोदेच्या काठाने पायी हिंडले, दुसरा युरोपातून आगबोटीने निघाला. हर्टा ही महानुभाव पंथाची नव्हे.

दुकान झालं की ग्रंथालय. या बाबतीत आपण मराठी माणसं भाग्यवान आहोत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. सभासद व्हायला अनामत, वर्गणी, दोन फोटो आणि राहत्या पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं. त्यानंतर कळतं की आपल्याला हवं असलेलं पुस्तक देवघेव विभागात नसून संदर्भ विभागात आहे. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी मिळत नाही. तिथे बसून वाचता येतं, आणि बसायची वेळ ही नेमकी आपली ऑफिसात बसायची वेळ असते. देवघेव विभागात एक प्रत होती, हे ग्रंथपाल स्वतःहून सांगतात. ती सरांकडे आहे. कोणते सर, हे विचारायचं नसतं. ते निवृत्त झालेत, पण पुस्तक अजून सेवेत आहे.

चुकून प्रत हाती आलीच, तर आधी कडेच्या पेन्सिलीच्या खुणा वाचाव्यात. मजकूर नंतर. पहिल्या पानावर कुणीतरी प्रत्येक ओळ अधोरेखित केलेली असते, दहाव्यावर एकाआड एक, विसाव्यावर ‘imp’ एवढंच, पण तेही देवनागरीत ‘इंप.’ असं. चाळिसाव्या पानानंतर पुस्तक कोरं करकरीत. आपल्या आधीच्या पिढीने कुठपर्यंत वाचलं याचा एवढा विश्वसनीय पुरावा दुसरा नाही. बक्षीस-समारंभात मिळालेल्या प्रतींत तर तोही नसतो.

पीडीएफबद्दल मी फार बोलणार नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची कितीतरी पुस्तकं फुकट आहेत, आणि ती उतरवून घेणं कायदेशीर असल्यामुळेच बहुधा कुणी उतरवत नाही. बाकीची व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यांत पान 62 दोनदा असतं, 63 नसतं, आणि 64 वर पान धरणाऱ्याचा अंगठा असतो. कायदा असा आहे की लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. म्हणून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याने जुन्या लेखकांवर श्रद्धा ठेवावी. लक्ष्मीबाई टिळक 1936 साली गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ निर्धास्तपणे उतरवून घ्या. कॉलेजाची पायरी न चढता, घरच्या घरी, संसाराच्या धबडग्यात अक्षरं गिरवलेल्या या बाईंना बहिःस्थ विद्यार्थ्यांची कुलदेवता मानायला माझी हरकत नाही. ‘कोसला’ मात्र विकत घ्या. ती मिळते. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, मित्रांची उधारी यांत वर्षं घालवून रिकाम्या हाताने गावी परतलेल्या पांडुरंग सांगवीकराची गोष्ट, यांतलं काहीच नशिबी नसलेल्या माणसाने 8:12 च्या डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने वाचावी, अशीच अभ्यास मंडळाची इच्छा असणार.

वाचायचं कधी, हा प्रश्न राहिला. ‘लीळाचरित्र’ प्रवासाला उत्तम. कित्येक लीळा दोन स्टेशनांच्या मध्ये संपतात. ‘ज्ञानेश्वरी’ घरी वाचावी, आणि ती भर दिवाणखान्यात. नऊ हजार ओव्या समोर उघड्या असल्या की सासूबाई कामं सांगत नाहीत, उलट मुलांना गप्प करतात. क्वचित चहाही येतो. हा मान दुसऱ्या कोणत्याही नेमलेल्या पुस्तकाला नाही. ‘गोलपिठा’ त्याच जागी बसून वाचू पाहणाऱ्या विद्यार्थिनींनी 1972 सालच्या त्या संग्रहाचा आकार आधी बघून घ्यावा. घरातली ‘ज्ञानेश्वरी’ पुरेशी मोठी असेल तर तो आत सहज मावतो. ढसाळांची यावर तक्रार असती असं वाटत नाही, आणि माउलींनी तर सगळ्यांसाठीच मागणं मागून ठेवलेलं आहे.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. पुस्तक खरोखर वाचलेल्याचा पेपर वेळेत पूर्ण होत नाही. ‘हर्टाचे व्यक्तिचित्रण करा, गुण 15’ असा प्रश्न येतो. गाईडवाला सहा मुद्दे, सहा उपशीर्षकं आणि समारोप लिहून पुरवणी मागतो. वाचलेला माणूस पेन हातात धरून बसतो, कारण त्याला हर्टा आठवते. तिला सहा मुद्द्यांत कसं बसवायचं हे ठरवेपर्यंत पर्यवेक्षक ‘शेवटची दहा मिनिटं’ म्हणतात. ज्यांना गुण हवेत त्यांनी वाचन निकालानंतर करावं. ज्यांना राहवत नाही त्यांनी आधी करावं, आणि पन्नास टक्क्यांत समाधान मानायची तयारी ठेवावी. दोन्ही गोष्टी जमतात असं सांगणारे विद्यार्थी भेटतात. ते सहसा सत्कारात बोलत असतात.

निकाल लागला की अभ्यासक्रम बदलतो. तुम्ही जिवाचं रान करून मिळवलेलं पुस्तक त्यातून जातं, आणि मग तीन महिन्यांत त्याची नवी, देखणी, सवलतीच्या दरातली आवृत्ती दुकानाच्या दर्शनी भागात लागते. ती उचलून पहिली चार पानं जरूर चाळावीत. संपादन आणि विवेचक प्रस्तावना सरांची असते. दुर्मीळ झालेली प्रत आपल्या व्यक्तिगत संग्रहातून उपलब्ध करून दिली, असं त्यांनी ऋणनिर्देशात लिहिलेलं असतं, आणि छापताना वाचनालयाचा शिक्का पुसायचा राहिलेला असतो.