गुण निवडायचा, पण कोणी?

जानेवारी लागला की नव्या डायरीच्या पहिल्या पानावर एक शब्द उमटतो. शांतता. कृतज्ञता. संयम. व्यायामाचे आणि वजनाचे संकल्प दरवर्षी मोडून कंटाळलेली माझ्या ओळखीची बरीच माणसं आता वर्षभरासाठी एकच गुण निवडतात. हे मला मनापासून आवडतं. माझी तक्रार आहे ती निवडीबद्दल.

आपण निवडतो तो गुण आपल्याला आधीपासून आवडत असतो, आणि आवडतो तो बहुधा थोडाफार अंगात असतोच. मुळातच कमी बोलणारा 'शांतता' लिहितो. कोणाला दुखवायला न धजणारी 'दया' लिहिते. आणि ज्याच्या पावलांचा आवाज आला की घरातली पोरं टीव्ही बंद करतात, तो 'शिस्त' लिहितो. त्या घराला त्याच्याकडून भलतंच काही हवं असतं. पण त्यांना विचारलंय कोणी?

आपल्यात काय कमी आहे, हे अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनला न विचारताच सांगितलं गेलं. तरुणपणी त्याने स्वतःला घडवण्यासाठी बारा गुणांची यादी केली. मिताहार, मौन, नीटनेटकेपणा, काटकसर, उद्योग वगैरे. यादी चोख होती. मग क्वेकर पंथातल्या एका मित्राने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात तुझं म्हणणं बरोबर ठरलं तरी तुझं भागत नाही, समोरच्याला चेपल्याशिवाय तू थांबत नाहीस. मित्राने नुसता आरोप केला नाही, प्रसंग मोजून दाखवले. फ्रँकलिनने यादीत तेरावा गुण घातला, नम्रता.

त्याची वही प्रसिद्ध आहे. एकेका गुणाला एक पान, आठवड्याच्या वारांचे सात रकाने, चूक झाली की काळा ठिपका. एका आठवड्यात एका गुणाकडे खास लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. या वहीचं कौतुक सगळे करतात. मला मात्र वहीपेक्षा तो मित्र मोठा वाटतो. बारा गुण फ्रँकलिनला स्वतःला सुचले होते, आणि नेमका जो हवा होता तो सुचला नव्हता.

त्यानंतर त्याने बोलण्याची सवय बदलली. 'निःसंशय', 'नक्कीच' असे शब्द टाकून दिले आणि 'मला असं वाटतं', 'सध्या तरी असं दिसतं' असं म्हणायला लागला. वयाच्या 79व्या वर्षी आत्मचरित्रात हे लिहिताना त्याने कबूल केलं की नम्रतेचा देखावा बराच जमला, खरी नम्रता काही फारशी साधली नाही.

इथे मला गांधीजी आठवतात. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून ते आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्र लिहीत. आश्रमाच्या नियमांचा मसुदा पूर्वी मित्रांकडे फिरला होता, तेव्हा त्यांपैकी सर गुरुदास बॅनर्जींनी सुचवलं होतं की व्रतांत नम्रताही असावी. गांधीजींनी ती घेतली नाही. येरवड्याहून त्यांनी कारण सांगितलं: सत्याचा सराव करता येतो, प्रेमाचा करता येतो, पण नम्रतेचा सराव म्हणजे दंभाचा सराव. जो खरा नम्र असतो त्याला आपण नम्र आहोत याची जाणीवच नसते.

फ्रँकलिनने जो गुण वहीत घातला, तोच गांधीजींनी व्रतांबाहेर ठेवला. पण माझ्या लेखी दोघांकडून एकच गोष्ट कळते. आपल्यात काय कमी आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि ते भरून निघालं की नाही हेही दिसत नाही. मोजपट्टी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते.

म्हणून या वर्षी मी डायरी बाजूला ठेवली आणि आईला फोन केला. विचारलं, माझ्यात काय बदलायला हवं? ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडतोस. मला काय म्हणायचंय ते तुला आधीच कळलेलं असतं."

मला वाटलं होतं ती माझ्या तब्येतीबद्दल बोलेल. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते खरं होतं, आणि ते सांगायला तिला माझ्या विचारण्याची वाट बघावी लागली होती.

तर माझा शब्द ठरला आहे. 'ऐकून घेणं'. डायरीत शोभून दिसणारा नाही, पण रोज रात्री तपासता येतो: आज कोणाचं वाक्य तोडलं का? उत्तर 'हो' असेल तर एक ठिपका. आणि महिन्याच्या शेवटी ठिपके खरे आहेत का, ते आईला विचारायचं.

पंधरवड्यात संक्रांत येते. आपल्याकडे 'गोड बोला' हे कोणी स्वतःशी म्हणत नाही. दुसरा माणूस हातावर तिळगूळ ठेवतो आणि तो म्हणतो. गुण दुसऱ्याच्या हातून घ्यायची ही रीत माझ्या लहानपणापासून माझ्यासमोर होती, मी नुसता तिळगूळ खात आलो.

यंदा संक्रांतीला गावी जाणार आहे. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत आई पहिल्यापासून सांगेल, ती मला ठाऊक आहे. ती शेवटपर्यंत ऐकायची आहे.