विद्यापीठाची ओळख कशी टिकवावी?

आमच्या धामणगावामागे ‘बढे’ लागलेलं आहे, म्हणून या विषयावर चार शब्द सांगायचा अधिकार आम्ही परस्पर घेतला आहे. तिकडे अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे. त्यांच्याकडे रेल्वे आहे, आमच्याकडे नाही. गाडी धरायची तर आम्हाला मलकापूर गाठावं लागतं. तरी आमच्या पारावर येऊन आजवर कोणी फलाट कुठाय म्हणून विचारलेलं नाही. दोन अक्षरांत काम भागतं. त्यासाठी ना बोधचिन्ह लागलं, ना कुलगुरू.

विद्यापीठाचं इतक्यात भागत नाही. त्याची ओळख टिकवण्याची एक रीत असते. नवं विद्यापीठ काढायचा ज्यांचा विचार आहे त्यांनी ती लिहून घ्यावी. (राज्यात असे लोक बरेच आहेत.)

सुरुवात नावापासून. नाव आधी नकाशातून उचलावं : नागपूर, पुणे, उत्तर महाराष्ट्र, सोलापूर. वापरून वापरून ते जरा गुळगुळीत झालं, की त्याच्यापुढे एक थोर नाव जोडावं. नागपूरला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज लाभले, पुण्याला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले, जळगावला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी. आधीचं नाव पुसायचं नाही, फक्त मागे सरकवायचं. गावं शेपूट मागून लावतात, विद्यापीठं पुढून, एवढाच फरक.

इथे थट्टा घटकाभर बाजूला ठेवतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. प्रत्यक्ष नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही ‘मराठवाडा’ कायम ठेवून. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलितांच्या वस्त्या जळाल्या, माणसं मेली. नामांतराऐवजी नामविस्तार हा शब्द मराठीत आला तो या रस्त्यानं. पाटीवरचं नाव म्हणजे काय, हे ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही.

बाकीच्यांसाठी पुढची पायरी. नाव मिळालं, मिरवणूक झाली, पाटी रंगली, की त्याच आठवड्यात त्याचं लघुरूप करून टाकावं. आमचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ ‘एसजीबीएयू’ झालं, नागपूरचं ‘आरटीएमएनयू’, जळगावचं ‘केबीसीएनएमयू’. शेवटचं ऐकून आमच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “बच्चन साहेबांचं कॉलेज निघालं का बाप्पा?” कोल्हापूरकर या बाबतीत दूरदर्शी निघाले. १९६२ मध्ये विद्यापीठ काढताना त्यांनी नाव मुद्दाम ‘शिवाजी विद्यापीठ’ एवढंच ठेवलं असं सांगतात. लांब ठेवलं तर बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांचं जसं ‘एमएसयू’ झालं तसं आपल्याही राजाचं होईल, ही भीती. आता ते नाव फार आखूड आहे, लांब करा, अशी मागणी असते. दूरदृष्टीची मुदत साधारण साठ वर्षं धरावी.

यानंतर बोधचिन्ह. त्यात दिवा, पुस्तक किंवा कमळ यांपैकी निदान एक असावं. ब्रीदवाक्य शक्यतो संस्कृतात घ्यावं. न कळलेल्या वाक्याला विरोध होत नाही. जळगावनं ‘अंतरी पेटवू ज्ञानज्योत’ असं सरळ मराठी घेतलं, आणि ते लोकांना कळतं. असा धोका नवख्यांनी पत्करू नये.

ऋतूंवरही ताबा मिळवावा लागतो. आमच्याकडे विद्यापीठाच्या परीक्षा ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’. पावसाळा कागदोपत्री नाहीच. पोरगं सोयाबीनच्या डवरणीला गेलं असलं तरी कुठली परीक्षा दिली विचारा, ऋतूसकट सांगतं. एवढी पक्की ओळख हवामान खात्यालाही जमलेली नाही.

आता एक अडचण, आणि ती नाजूक आहे. धामणगाव बढे ज्या मोताळा तालुक्यात आहे, त्याची हद्द जळगाव जिल्ह्याला लागते. म्हणजे अलीकडे गाडगेबाबांचं विद्यापीठ आणि पलीकडे बहिणाबाईंचं. दोघांनाही लिहितावाचता येत नव्हतं. बहिणाबाई जात्यावर आणि शेतात ओव्या रचायच्या. त्या टिपून घेतल्या घरातल्या शिकलेल्या पोरांनी, आणि त्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. शेंडगावचे डेबूजी जानोरकर हातात गाडगं घेऊन फिरायचे, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. नामकरण समिती बसली नव्हती. अंगात चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर खापर, हातात खराटा. गावात शिरायचे, दिवसभर गटारं झाडायचे आणि रात्री कीर्तनात सांगायचे, की पोरं शिकवा. दीक्षांत समारंभाच्या मंडपात ते त्या वेषात आले असते, तर दारावरच्या स्वयंसेवकानं पास मागितला असता. त्यावर उपाय म्हणून तसबीर मोठी लावावी. तसबिरीला पास लागत नाही.

एवढं करूनही शेवटच्या गावापर्यंत ओळख पोचवायचं काम राहतंच. आमच्यासारख्या गावापासून अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास. जळगाव त्याहून बरंच जवळ. पण जिल्हा बुलडाणा, त्यामुळे विद्यापीठ अमरावती. तेव्हा इथे विद्यापीठ म्हणजे झेरॉक्सचं दुकान. दारावर फ्लेक्स : पीक विमा, सातबारा, पॅन कार्ड, विद्यापीठाचे सर्व फॉर्म. आत एक संगणक, एक पंखा आणि स्टुलावर बसलेला दादा. परीक्षेचा फॉर्म तो भरतो, फी तो भरतो, हॉल तिकीट तो काढतो, फेरमूल्यांकनाची शेवटची तारीख त्याच्याच लक्षात असते. वीज गेली की विद्यापीठ बंद. नवीन पोरगा मार्कशीट लॅमिनेट करायला आला, की तो त्याला थांबवतो : “येडा हायेस का? उद्या व्हेरिफिकेशनला काय दाखवशील?” ओळख टिकवण्याच्या खात्याचा प्रमुख म्हणून नेमायचा असेल, तर हा माणूस मी सुचवतो. पगाराचं त्याच्याशी बोलून घ्या. पानामागे दोन रुपये तो घेतोच.

आमच्या भागातल्या एखाद्या जुन्या घरात पत्र्याची पेटी उघडून बघा. तळाशी आजोबांची नागपूर विद्यापीठाची पदवी; कारण १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ निघेपर्यंत बुलडाणा नागपूरकडे होता. त्यावर बापाची, नुसती ‘अमरावती विद्यापीठ’ छापलेली. सगळ्यात वर नातीची, गाडगेबाबांच्या नावाची. तिघं जिल्ह्यातल्याच कॉलेजात शिकले असतील, घर जागचं हललं नसेल. खाली डांबराच्या गोळ्या, वर जुन्या वर्तमानपत्राची घडी. नातीला विचारलं, “कुठून केलं बीए?” तर म्हणते, “अमरावतीहून.” “अमरावती पाहिलंय?” “नाही ना, काका.”

तर पेटी जपा. आणि नातीच्या फॉर्मवर गावाचं नाव लिहाल तेव्हा पुढे ‘बढे’ लिहायला विसरू नका. धामणगाव रेल्वेही याच विद्यापीठात येतं.