कॅप्टन

कॅप्टन सैन्यात कधीच नव्हते. महाप्याच्या एका कंपनीत ते हिशेब तपासतात. पण एकदा गणपतीत सोसायटीची वीज गेली आणि आम्ही मोबाइल चाचपडेपर्यंत हे गृहस्थ डोक्याला टॉर्च बांधून जिना उतरूनसुद्धा आले. तेव्हापासून नेरुळच्या आमच्या सोसायटीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही.

'सहल' म्हटलेलं त्यांना खपत नाही. मोहीम म्हणायचं. यंदाची मोहीम घारापुरीची होती. बेट, जंगल, चढण, माकडं असं सगळं एका तिकिटात. हे बेट उरण तालुक्यातलं, अटल सेतूवरून जाताना बाजूला दिसतं. तरी आम्ही नवी मुंबईकर हार्बर लोकलने सीएसएमटीला जाणार, तिथून गेटवे गाठणार आणि तासभर लाँचमध्ये बसून परत आपल्याच दिशेला येणार. कॅप्टनना त्यात काही वावगं दिसत नाही. "बेटाला लांबूनच भिडायचं असतं," म्हणाले.

आधी सोसायटीच्या ऑफिसात ब्रीफिंग झालं. भिंतीवर नकाशा, हातात लेझरचा लाल ठिपका. शिटी, ओआरएस, मोज्यांचे दोन जोड, अशी यादी प्रत्येकाच्या हातात. "गर्दी टाळायची म्हणून सोमवार ठरवलाय," असं त्यांनी जाहीर केलं.

"सोमवारी लेणी बंद असतात," वहिनी मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या.

"तेच बघत होतो, कोणाला माहीत आहे का!" कॅप्टन म्हणाले आणि लाल ठिपका रविवारावर सरकला.

बेटावर पर्यटकाला रात्री राहता येत नाही, हे माहीत असूनही त्यांनी तंबू घेतला. सौर पॅनेल घेतलं. तीस फूट दोर घेतला. धक्क्यावर उतरल्यावर पोरंटोरं आणि निम्म्या बायका खुशाल मिनी ट्रेनमध्ये जाऊन बसल्या. कॅप्टन मात्र रुळाच्या कडेकडेने दोन काठ्या टेकत चालत आले. मोहिमेत गाडी बसत नाही.

पायऱ्यांवर मोठा पेच आला. वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या, दोन्ही अंगांनी टोप्या, माळा, काकड्या, कैऱ्या, वर निळं प्लास्टिक. कॅप्टनची एक काठी टांगलेल्या माळांच्या झुपक्यात अडकली. ती सोडवत असतानाच गावातली एक मावशी डोक्यावर भलंमोठं बोचकं घेऊन, पायात रबरी सपाता, भराभर चढत आली आणि थबकली.

"दादा, यवरं वझं कनाला?"

कॅप्टनना असा प्रश्न कधी कोणी विचारत नाही. त्यांनी सॅक तिच्याकडे फिरवली आणि कमरेचा पट्टा, पाठीची जाळी, वजन खांद्यावर न येता कमरेवर कसं उतरतं, हे सगळं सविस्तर समजावून सांगितलं. मावशीने डोक्यावरच्या बोचक्यासकट, हात न लावता, मान न हलवता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरा हाय," म्हणाली आणि वर निघूनही गेली.

लेण्यात त्रिमुखी सदाशिवासमोर आम्ही गप्प उभे होतो. दगडातले ते सहा मीटर उंच चेहरे पाहून दुसरं काही सुचतही नाही. कॅप्टन मात्र होकायंत्र बघत होते. त्यांचा जीव अडकला तो हत्तीत. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो इथे नाहीच. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचं घाटत होतं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. हे ऐकून कॅप्टन खरोखर हळहळले. "दुसरी क्रेन ठेवायला नको?"

बेटावर समुद्राखालून केबल टाकून 2018 साली वीज आली, ही बातमी त्यांच्या यादीपर्यंत पोचली नव्हती. सौर पॅनेल झाडाखाली निपचित पडलं आणि त्यांचा फोन एका दुकानात, सोड्याच्या फ्रिजशेजारी चार्ज झाला.

पण उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला. कॅप्टननी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दोर, सुरी, लायटर बाहेर आले. पायरीवर मांडी घालून त्यांनी गाठ मारली, टोक वितळवलं, ओढून पाहिलं, सोडून पुन्हा मारली. पाच वाजायला आले होते, लाँच सुटायची होती, कोणाची बोलायची हिंमत नव्हती. काकू उठून दोन पावलं चालल्या. "एकदम घट्ट हो!" कॅप्टननी नुसती मान हलवली, पण चेहरा असा की सदाशिवाने मागे वळून बघावं.

परतीच्या लाँचवर पुढची मोहीम ठरली. अंदमान. हॅवलॉकचं आता स्वराज द्वीप झालंय, तिथे पाण्याखाली बुडी, कयाक, जंगलवाट.

"विमानात माणशी पंधरा किलोच नेता येतं," वहिनी म्हणाल्या.

कॅप्टन लोकलमध्ये वाशी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग वही काढून हिशेब मांडू लागले : बूट पायात, जॅकेट अंगात, दोर कमरेला, आणि तंबू काकूंच्या नावावर.