दिसायलाच पाहिजे!

अमेरिकेत पिस्तूल कपड्याआड लपवून न्यायचा हक्क माणसाला असावा की नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चालले आहेत. 2022 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना निर्बंध मोडीत काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या कोरेगावात (पुण्याचं पार्क नव्हे, भीमेकाठचंही नव्हे; हे वाघ्या घेवड्याचं) हा वाद कुणाला कळायचाच नाही. लपवून न्यायचं, तर एवढे पैसे घालून पिस्तूल घ्यायचं कशाला?

आणि आपला कायदा तर नेमकं लपवाच म्हणतो. शस्त्र नियम 2016, नियम 32. सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती कव्हरात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेली हवी आणि ताबा तुमचाच हवा. उगारायची नाही, बार काढायचा नाही. म्हणजे पिस्तूल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून ढाब्यावर तांबडा रस्सा ओरपायला जायचं नाही, आणि ‘जरा धर रे’ म्हणत ड्रायव्हरच्या हातात द्यायचंही नाही.

आमच्या ओळखीच्या एका भावी जिल्हा परिषद सदस्यांना मी हा नियम वाचून दाखवला. भावी माणूस शांत असतो. त्यांनी ऐकून घेतलं, मग खुर्चीत जरासं वळून बसले. शर्ट वर सरकला आणि जे दिसायचं ते दिसलं.

“लोकांना कळाय नको व्हय?” ते म्हणाले.

“पण जिवाला धोका आहे म्हणून परवाना घेतलात ना?”

“हाय की धोका. न्हाई दिसलं तर लोकं इचारत न्हाईत, त्यो काय कमी धोका हाय?”

या धोक्याचं एक वेळापत्रकही असतं. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून नोटिसा निघतात आणि परवान्याची हत्यारं जमा करून घेतली जातात. विरोधक गल्लोगल्ली फिरत असतात, भाऊबंदकी उकरून निघालेली असते, रात्री पाकिटं वाटायला निघालेल्या दोन गाड्या एकाच वळणावर समोरासमोर येतात. अर्जात लिहिलेला धोका कधी खरा व्हायचाच असेल, तर तो या दिवसांत. आणि नेमकं तेव्हाच पिस्तूल ठाण्याच्या कपाटात पडून असतं. तरी भावी मंडळी ठणठणीत राहतात. निकाल लागला की पुन्हा धोका सुरू होतो आणि पावती घेऊन ठाण्यात रांग लागते.

बीड जिल्ह्यात असे धोक्यातले लोक बाराशेच्या वर निघाले. मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर कागद तपासायला घेतले, तेव्हा बऱ्याच जणांचा धोका सरकारी पेनाच्या एका फटक्यात टळला. आणि हत्यार ठाण्यात सुरक्षित राहतं म्हणावं, तर 2024 च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला एका आमदारांनी गोळीबार केला तो ठाण्यातच, अधिकाऱ्याच्या दालनात. नियम 32 मध्ये ‘सार्वजनिक ठिकाण’ आहे; साहेबांच्या केबिनचा स्वतंत्र उल्लेख करायचं दिल्लीला सुचलं नसावं.

परवाना न मिळालेल्यांची सोय डिकीत. तिथे बेसबॉलची बॅट असते. तालुक्यात बेसबॉलचा एकही सामना माझ्या पाहण्यात नाही, पण संघ भरपूर आहेत. त्यांच्या वरची पायरी तलवारीची. पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असलं की ते कायद्याला शस्त्र दिसतं. फक्त शेतीसाठी किंवा घरकामासाठी केलेलं असेल तर नाही. म्हणून चिमणगावच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरात डझनभर कोयते उघडे पडलेले असतात, त्यांना कुणी अडवत नाही. पुण्यात मात्र कोयत्याने एवढी दहशत माजवली की 2023 मध्ये तो विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायची वेळ आली. ऊस तोडणाऱ्याने कोयत्यासोबत कधी फोटो काढून घेतला नाही, हा त्याचा मागासलेपणा.

तलवारवाले तसे मागासलेले नाहीत. अर्ध्या किलोचा केक, त्याला तीन फुटी तलवार, मागे गाडी, गाडीवर दादांचा फोटो, आणि रात्री बाराच्या आत सगळं स्टेटसला. सकाळी पोलिसांना पंच शोधावे लागत नाहीत की खबऱ्याला चहा पाजावा लागत नाही. आरोपी, हत्यार, ठिकाण, वेळ आणि टाळ्या वाजवणारे साथीदार, सगळं आरोपीनेच गाणं लावून पाठवलेलं असतं. तुरुंगाची भीती आहे, पण कुणी बघितलंच नाही तर काय, ही भीती तिच्याहून मोठी.

वरातीत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीत वेगळं कलम आलं: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नसराई तोंडावर आहे. तेव्हा समस्त भावींना हात जोडून एवढंच सांगणं, की पिस्तूल राहू द्या, पण शर्ट जरा सैल शिवून घ्या.