खारेकाकांचे पोटभाडेकरू

खारेकाकांचं आडनाव खारे नाही. दारावरच्या पाटीवर दुसरंच आहे. पण कुरिअरवाला गेटवर 'खारेंचा माल' म्हणूनच सांगतो, कारण माल नेहमी मिठाचा असतो. साधं मीठ नव्हे, समुद्री मीठ, वीस किलोची बादली. अंबरनाथहून सीएसएमटी रेल्वेने 60 किलोमीटर, तिथून पुढे समुद्र. आणि पालेगावातल्या आमच्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर, या गृहस्थाने हॉलमधल्या चार फुटी टाकीत त्याच समुद्राची शाखा काढली आहे.

काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. इन्स्पेक्शनला होते. स्वभावाने इतके मऊ की रिक्षावाल्याने वीस रुपये जास्त मागितले तर तीस देऊन येतात. त्यांच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी उभी असते आणि ते स्वतःची स्कूटर मुकाट्याने गेटबाहेर लावतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांचा आवाज फक्त 'हजर' म्हणताना ऐकू येतो. पण हाच माणूस संध्याकाळी टाकीसमोर स्टूल टाकून बसला की 'घुसखोर', 'नाकाबंदी', 'आज रात्री निकाल लावतोच' अशी भाषा करतो. माणसांच्या जगात जे जे सोडून दिलं, ते सगळं त्यांनी त्या काचेआड जमा केलेलं आहे.

गोड्या पाण्याचे मासे पाळणारी माणसं साधारण सुखी असतात. गप्पी, मॉली, फार तर एक एंजल. चिमूटभर खाणं टाकलं की झालं. खाऱ्या पाण्याचा माणूस सुखी दिसला तर खुशाल समजावं, टाकी कालच बसवली आहे. काकांच्या टाकीशेजारी फुलस्केप रजिस्टर असतं. पाण्याची घनता 1.025, तापमान 26, क्षार हजारी 35, रोजच्या रोज नोंद. शेवटच्या दोन रकान्यांत 'तपासणारा' आणि 'मंजूर करणारा' अशा दोन सह्या. दोन्ही काकांच्याच, पण शाई वेगळी. नळाचं पाणी चालत नाही म्हणून आरओ, आणि आरओ एक बादली देताना दोन-तीन बादल्या वाया घालवतं. उन्हाळ्यात बाकीच्या विंगा टँकरची वाट बघत असतात, तेव्हा काकू त्या वाया गेलेल्या पाण्याने लादी पुसतात, भांडी विसळतात आणि काकांकडे बघतात. त्या बघण्याची नोंद रजिस्टरात नाही.

तर पोटभाडेकरू. समुद्री टाकीत दगड लागतो, आणि तो जिवंत लागतो. म्हणजे दगड मेलेलाच, पण त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंची वस्ती असलेला. ते जिवाणूच पाणी साफ ठेवतात. परदेशात यासाठी प्रवाळाचे जुने तुकडे वापरतात. आपल्याकडे 2001 सालापासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. सरकारी नोकरीत हाडं झिजवलेले काका त्या वाटेला जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी सिरॅमिकचा सच्छिद्र दगड घेतला, आणि त्यात वस्ती व्हावी म्हणून ठाण्यातल्या एकाच्या मोडीत काढलेल्या टाकीतला तसलाच एक मुरलेला दगड आणला. लोकलमध्ये, मांडीवर, ओल्या पंचात गुंडाळून. त्या पंचात कोण कोण विनातिकीट बसलं होतं, हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत कळलं नाही.

आधी शंख मरू लागले. काचेवरचं शेवाळ खायला काकांनी टर्बो गोगलगायी सोडल्या होत्या. सकाळी एकेकीच्या शंखाचे तुकडे वाळूवर पडलेले. काकांनी पंचनामा केला. तुकडे वर्तमानपत्रावर मांडून, भिंगातून बघून, 'आघात बाहेरून, जोर मोठा' असा शेरा मारला आणि संशयाची सुई एका केसाळ किड्यावर नेली. हा किडा बिचारा खरं म्हणजे टाकीतला सगळ्यात उपयोगी प्राणी. उरलंसुरलं, मेलेलं, सडकं असं सगळं खाऊन वाळू साफ ठेवतो. पण दिसतो वाईट, आणि इन्स्पेक्शनवाल्यांना दिसण्यावरून नापास करायची सवय. काकांनी त्याला हाताने धरला. त्याच्या अंगावरचे काचेच्या कुसळांसारखे केस बोटांत घुसले. काकूंनी बोटांना सेलोटेप चिकटवून आणि ओढून ती कुसळं काढली. 'अहो, तोंड मिटा, शेजारी ऐकतायत,' एवढंच बोलल्या.

दुसरा आरोपी एप्टेशिया. बोटभर उंचीचं, पारदर्शक तपकिरी, छान झुलणारं समुद्रफूल. काकूंना ते आवडलंही होतं. काकांनी वाचलं की ते दंश करतं आणि टाकी व्यापतं, म्हणून भाजी चिरायच्या सुरीने दगडावरून खरवडलं. एप्टेशिया म्हणजे रक्तबीज. त्याच्या बुडाचा जेवढा चुरा दगडावर राहील, तेवढी नवी फुलं उगवतात. महिन्याभरात दगडावर बाग फुलली. यावर उपाय आहेत: पेपरमिंट श्रिंप नावाची छोटी कोळंबी हे फूल खाते, किंवा चुन्याचा दाट लगदा सिरिंजने थेट तोंडात भरतात. काकांनी चुन्याचा लगदा निवडला, कारण त्यात लढाई होती.

शंख मात्र फुटतच राहिले. आणि रात्री आवाज येऊ लागला. टक्. थांबून, टक्. खालच्या मजल्यावरच्यांनी सेक्रेटरीकडे लेखी तक्रार केली की वर कोणीतरी मध्यरात्री खिळे ठोकतं. त्या 'टक्'ने काकांच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती. 'अरे, मँटिस आहे!' त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. आवाज दबलेला, डोळे मोठे.

मँटिस श्रिंप. नाव कोळंबीचं, पण कोळंबीशी नातं लांबचं. यांच्यात दोन घराणी: भालेवाले आणि मुसळवाले. भालेवाला मासे भोसकतो, मुसळवाला शंख फोडतो. काकांचे मासे शाबूत होते, तेव्हा हा मुसळवाला हे उघड होतं. त्याच्या ठोशाचा वेग शास्त्रज्ञांनी 2004 साली मोजला आहे. मोरपंखी रंगाच्या जातीत तो सेकंदाला 23 मीटरपर्यंत जातो, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर, तोही पाण्यात. आमची लोकल कल्याणच्या अलीकडे कधी त्या वेगाने गेलेली मला आठवत नाही. ठोसा इतका झटक्यात बसतो की पाण्यात पोकळी होऊन बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना भक्ष्याला दुसरा दणका बसतो.

मग मोहीम. बिसलेरीची बाटली कापून, तोंडाचा भाग उलटा आत बसवून सापळा केला; उल्हासनगरच्या एका कारागिराकडून तारेचा दुसरा. आमिष म्हणून कोळंबीचं शेपूट. पण श्रावण लागला आणि काकूंनी फ्रीजमधून मासळी हद्दपार केली. 'त्यालाही महिनाभर साबुदाणा घाला,' हा निकाल. काका टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावून अंधारात बसू लागले, कारण निशाचर समुद्री जिवांना लाल उजेड फारसा कळत नाही असं म्हणतात. मँटिसच्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे बारा ते सोळा प्रकार सापडतात, माणसाच्या डोळ्यात रंगांसाठी तीन. एवढ्या नजरेपुढे काका जिलेटीनचा कागद धरून बसायचे. तो त्यांना बघायचा, ते त्याला नाही.

शेवटी सोडा कामाला आला. दगड टाकीबाहेर घेऊन बिळात सोडावॉटर सोडलं की कार्बन डायऑक्साइडने आतला प्राणी गुदमरून बाहेर येतो. उपाय खात्रीचा, पण बीळ नेमकं कोणतं? दगडाला भोकंच भोकं. काका रोज संध्याकाळी नाक्यावरच्या दुकानातून सोड्याच्या बाटल्या आणू लागले, रोज रात्री एक दगड तपासू लागले. सोसायटीत वेगळीच चर्चा. निवृत्तीनंतर माणसं अशीच बिघडतात, असं दोन वयस्कर मंडळींनी ठरवून टाकलं. सेक्रेटरींनी तर बाजूला घेऊन 'काही टेन्शन आहे का' म्हणून विचारलं. काका म्हणाले, 'आहे ना! आत दडून बसलंय, बाहेर येत नाही.' सेक्रेटरींचे डोळे पाणावले.

तो बाहेर आला त्या रात्री मी हजर होतो. बाल्कनीत निळी बादली, बादलीत दगड तिरका धरलेला, काकांच्या हातात सुई काढलेली सिरिंज. तिसऱ्या भोकात सोडा फसफसला, क्षणभर काही नाही, आणि मग ठप्पकन एक हिरवा जीव बादलीत पडला. दोन इंच. देठांवरचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत होते. एक काकांकडे, एक माझ्याकडे. पुढचे ठोसे छातीशी दुमडून तो बादलीच्या तळाशी उभा राहिला आणि प्लास्टिकवर एक टोला दिला. टक्.

काकू पदर खोचून आल्या, वाकून बघितलं. 'एवढासा?' म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेजारचे मालवणी गृहस्थ तळायचं म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. शत्रू पकडल्यावर त्याचं काय करायचं, याचा विचार या जातीच्या माणसाने कधीच केलेला नसतो. त्याच रात्री टीव्हीखालच्या कपाटातल्या वस्तू हलल्या आणि तिथे एक छोटी काचेची टाकी आली. वेगळा पंप, वेगळा दगड, राहायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. नाव 'साहेब', कारण आधी टकटक करतात. ज्या गोगलगायींच्या खुनाचा पंचनामा झाला होता, तशाच गोगलगायी आता साहेबांसाठी खास विकत येतात. निमो म्हणून मुलं ज्यांना बघायला येतात ते दोन क्लाउनफिश कोरड्या दाण्यांवर आहेत, आणि साहेबांना शंखातलं ताजं. रजिस्टरात साहेबांचं पान स्वतंत्र आहे.

मोठ्या टाकीत शांतता नांदू लागली तसे काका उतरले. घनता 1.025, तापमान 26, शेरा 'निरंक'. दिवसचे दिवस निरंक. जेवण कमी झालं, म्हणे. पार्किंगमधली ती दुसऱ्याची गाडी त्यांच्या नजरेस पडू लागली आणि एकदा त्यांनी त्याबद्दल बोलायला तोंडही उघडलं. सगळेच घाबरलो.

पण परवा रात्री लाल टॉर्च पुन्हा लागला. मागच्या दगडातून काहीतरी बारीक, चकचकीत, डोक्यावर पाच मिशा असलेलं बाहेर आलं आणि उजेड पडताच आत गेलं. काकांनी सकाळी दारातच मला सगळं सांगितलं: इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात 2009 साली असलाच एक किडा कित्येक महिने प्रवाळं कुरतडत होता, पत्ता लागेना, अखेर सगळी मांडणी दगड दगड करून उपसली तेव्हा तो निघाला चार फूट लांब. 'चार फूट!' काकांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. दाढी केलेली होती. त्या दिवशी त्यांनी रिक्षावाल्याला पन्नास जास्त दिले.

साहेबांच्या टाकीचं मात्र मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण ती आमच्या भिंतीला लागून आहे. 1998 साली इंग्लंडमधल्याच ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या मँटिसने पाव इंच जाडीची काच फोडली होती. साहेब अजून लहान आहेत, पण खाणं उत्तम आहे आणि वाढ रजिस्टरात दिसते आहे. तेव्हा बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर भागात कोणाकडे वापरात नसलेली छोटी टाकी पडून असेल, तर कृपया कळवावं. अ‍ॅक्रिलिकची हवी. काचेची नको.