पोराची षटकं मोजा!

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यात परतूरपासून भोकरदनपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात. कुणाच्या वाढदिवसाचा चषक, कुणाच्या स्मृतीचा. पहिलं बक्षीस ठळक अक्षरात छापलेलं असतं. 15 वर्षांच्या वेगवान गोलंदाजाने दिवसभरात किती षटकं टाकावीत, हे मात्र कुणी ठरवत नाही.

आयोजक सांगतात, सामनाच छोटा, एका गोलंदाजाला दोनच षटकं. हा हिशेब खोटा आहे. जिंकत जाणारा संघ एका दिवसात तीन-तीन सामने खेळतो. वेग असलेल्या पोराला शेजारच्या गावचा संघही गाडीवर बसवून नेतो. शिवाय क्लबच्या नेटमध्ये लेदर बॉल टाकायचा असतोच. मर्यादा सामन्याला आहे, पोराला नाही.

चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार कमरेपर्यंत जातो. खाली कडक जमीन, पायात साधे बूट. या वयात मणक्याची हाडं पुरती पक्की झालेली नसतात. भार साचत गेला की त्यांना बारीक चीर जाते, तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीला नुसती कंबर दुखते. घरचे म्हणतात लचक भरली, बाम चोळतात, आणि रविवारी पोरगा पुन्हा मैदानात!

ऑस्ट्रेलियाने हा धडा महागात घेतला. पॅट कमिन्स 18 वर्षांचा असताना, नोव्हेंबर 2011 मध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, दुसऱ्या डावात 6 बळी घेऊन सामनावीर ठरला. त्यानंतर दुखापतींनी त्याला असं धरलं की पुढची कसोटी उगवली मार्च 2017 मध्ये, रांचीत. 2012 च्या डिसेंबरमध्ये होबार्टला 5 बळी घेऊन सामना जिंकून देणाऱ्या मिचेल स्टार्कला लगेच पुढच्या मेलबर्न कसोटीत विश्रांतीसाठी बाहेर बसवलं, तेव्हा तिथे केवढा गदारोळ झाला. निवड समितीने शिव्या खाल्ल्या, पण षटकं मोजणं सोडलं नाही.

आपल्याकडे 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह 5 पैकी 3 कसोटी खेळला म्हणून पारावर त्याची उलटतपासणी झाली. सिराजने पाचही कसोटींत मिळून 185 च्या वर षटकं टाकली, 23 बळी घेतले, ओव्हल जिंकून दिलं. त्याला मुजरा. पण सिराज तेव्हा 31 वर्षांचा होता, हाडं पक्की झालेला, सोबत फिजिओ असलेला. त्याचा दाखला देऊन नववीतल्या पोराला राबवणं हा गुन्हा आहे.

फलंदाजाची गोष्ट वेगळी. जालन्याच्या विजय झोलने 2011 मध्ये 19 वर्षांखालील गटात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या आणि 2014 च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. फलंदाज जितका खेळेल तितका घडतो. वेगवान गोलंदाज एका मर्यादेनंतर मोडतो. आणि वेग काही मुंबई-पुण्याची मक्तेदारी नाही: झहीर खान श्रीरामपूरचा, राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. पुढचा आपल्या अंबड-मंठ्याचाही असू शकतो, 17 व्या वर्षीच त्याची कंबर गेली नाही तर.

इंग्लंडमध्ये 13 वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला सलग 5 आणि दिवसाला 10 षटकांच्या पुढे टाकू देत नाहीत. आपल्याला यासाठी निधी नको, स्टेडियम नको. 40 रुपयांची वही पुरे. प्रशिक्षकाने तीत प्रत्येक पोराची षटकं लिहावीत, नेटमधली आणि बाहेरगावच्या सामन्यांतलीसुद्धा. स्पर्धेच्या नियमावलीत 16 वर्षांखालच्या मुलांसाठी सामन्याची नव्हे, दिवसाची मर्यादा घालावी. जिल्ह्याच्या निवड चाचणीत वेग बघण्याआधी ती वही मागावी. कंबर दुखते म्हणणाऱ्याच्या हातात डॉक्टरला दाखवल्याशिवाय चेंडू देऊ नये.

आयोजकांनो, पुढच्या फलकावर बक्षिसाच्या रकमेखाली दिवसाच्या षटकमर्यादेची एक ओळ छापा. आईबापांनो, ती नसेल तर पोराला त्या मैदानावर पाठवू नका.