वहिनींचा मुलगा आणि विठ्ठल उमप

अहो, ऐकलंत का? तुंगार्लीच्या त्या वहिनी... ज्यांचा मुलगा संध्याकाळभर गॅलरीत गिटार घेऊन बसतो, त्याच हो. तर तो आता म्हणे अ‍ॅक्टिंग करणार! चिक्कीचं दुकान आहे घरचं, चांगलं चाललंय, आणि हे... वहिनींचा चेहरा असा उतरला होता, विचारू नका. "गाणाऱ्यानं गावं, नाटकं कशाला?" म्हणाल्या.

मी म्हटलं, वहिनी, विठ्ठल उमप विसरलात? अहो, एकवीरेच्या जत्रेला कार्ल्यात कोळी-आगरी मंडळी उतरतात, त्यांच्या स्पीकरवर तो खडा आवाज ऐकला नाही असा माणूस आहे का मावळात? नायगावच्या चाळीतला माणूस. कोळीगीतं, भीमगीतं, गोंधळ, काही म्हणून सोडलं नाही. 1983 साली पार आयर्लंडला जाऊन कॉर्कच्या फेस्टिव्हलमध्ये पहिला नंबर आणला.

तर काय सांगत होते... हं, त्यांचं ते स्टेजवरचं जांभूळआख्यान! त्यात हा बाप्या द्रौपदी व्हायचा. ना लुगडं, ना टिकली. उपरणं नुसतं डोक्यावरून ओढलं, मान जराशी कलती केली की झाली बाई! लगेच वळून कृष्ण. आणि गोष्ट तरी कसली, अगदी आपल्या कुंपणावरची! पाच नवरे असून द्रौपदीच्या मनात कोण, तर कर्ण. तोडलेलं जांभूळ झाडाला परत चिकटायचं, तर प्रत्येकानं मनातलं खरं बोलायला हवं. बोलली बिचारी, नवऱ्यांदेखत.

मग सिनेमेही आले. मंगेश हाडवळेंचा 'तिंग्या', 2008 चा, त्यात होतेच की. पण माझं विचाराल तर पडद्यावर उमप अर्धेच दिसायचे, पुरते बघायचे तर स्टेजवर. गेलेही स्टेजवरच. नोव्हेंबर 2010, नागपूर, दीक्षाभूमी. "जय भीम" म्हणाले आणि कोसळले... एकोणऐंशी वर्षांचे होते हो. पुढे नंदेशनं, मुलानं, तेच आख्यान उभं केलं.

एवढं सगळं ऐकून वहिनी गप्प. मला वाटलं, आता मुलाचं काहीतरी बोलतील. तर इकडंतिकडं बघून, पदर सावरत, हळूच म्हणतात कशा, "अहो, पण ती कर्णाचं नाव घेत होती, तेव्हा भीमाचं तोंड कसं झालं होतं हो?"